स्क्रीन सरळ, मी तिरकी

४ जुलै, शुक्रवार

सुट्टी. तरी सहाला उठले. चहा दोनदा केला, एकदाही नीट प्यायले नाही. निखिलचं माटुंग्याच्या कॉलेजात साडेआठचं लेक्चर. जाताना म्हणाला, "तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी आहे." म्हटलं, साय असेल. हसला आणि गेला. नवऱ्याला फिजिक्स शिकवता येतं, बायको वाचता येत नाही. सध्या तेच बरं आहे.

कालचं लिहून टाकते. कुणाला सांगायचं नाही तर निदान इथं.

दुपारचं फ्लाइट, शेवटचा टप्पा. सानेसर कॅप्टन, मी नेहमीसारखी उजव्या सीटवर, उडवायची पाळी माझी. उडवायची म्हणजे काय, उडवतो ऑटोपायलट, मी त्याच्यावर डोळा ठेवते. खाली पाऊस, उतरायला रांग, म्हणून कंट्रोलने घिरट्या घालायला सांगितलं. पूर्ण ढगात. बाहेर नुसतं पांढरं, वर काय खाली काय कळायला मार्ग नाही. सगळी वळणं डावीकडे. मी मान खाली घालून इंधन किती वेळ पुरेल ते टाइप करत होते. चौथ्या वळणात जोरात हादरा बसला, ऑटोपायलट सुटला, अलार्म. मी स्टिक धरली, पंख सरळ केले. स्क्रीनवर सरळ. आणि माझं अख्खं अंग सांगतंय की आपण उजवीकडे कललोय, अजून कलतोय.

मी डावीकडे दाबलं.

स्क्रीन दिसत होती. तेच तर आहे. दिसत होती आणि पटत नव्हती. सर म्हणाले, "बँक बघ." बँक म्हणजे झुकाव. ऐकू आलं. मग म्हणाले, "आय हॅव कंट्रोल." हे ऐकलं की हात सोडायचा आणि तोंडाने सांगायचं, घ्या म्हणून. पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी सोडला नाही. आमच्या विमानात दोन स्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. शेजारचा काय करतोय ते आपल्या हाताला कळत नाही, दोघांची बेरीज होऊन विमानाला जाते. सर उजवीकडे, मी डावीकडे. शेवटी विमानच बोललं, "ड्युअल इनपुट." तेव्हा माझी बोटं सुटली.

दोन सेकंद असतील. तीन. मागे एकशे चौऱ्याहत्तर माणसं, बहुतेक झोपलेली.

झुकाव मर्यादेच्या आत राहिला, म्हणून ऑफिसातून कुणाचा फोन येणार नाही. ड्युअल इनपुट तर रोज कुणा ना कुणाचं होतं. उतरल्यावर सर म्हणाले, "होतं गं असं. विसर. लिहायबिहायच्या भानगडीत पडू नकोस, तुझं कमांड तोंडावर आलंय."

कमांड. कॅप्टनची डावी सीट. नऊ वर्षं उजवीकडे बसून काढली त्यासाठी. २४ तारखेला सिम्युलेटरमध्ये परीक्षा.

सर दिवाळीत रिटायर होतायत. इतक्या वर्षांत एक डाग नाही त्यांच्या कागदावर.

भीती वाटली. अजून वाटतेय. हात का नाही सोडला मी?


५ जुलै, शनिवार

लालबागला आईकडे. बांगड्याचं तिखलं, भात. डाव्या सीटवर स्टिक डाव्या हातात येते, म्हणून गेले तीन महिने सगळं डाव्या हाताने चाललंय. दात घासणं, कुलूप, मोबाइल. आमच्यात सगळेच करतात हे कमांडच्या आधी. तंद्रीत डाव्या हाताने आईच्या पानात भात वाढला.

"डाव्या हातान वाढतंस गो? उजव्या हाताक काय झाला?"

"प्रॅक्टिस आहे आई. नोकरीची."

"नोकरी भायर. माज्या ताटात नाय."

तिने तो भात बाजूला काढून ठेवला, पुन्हा स्वतः वाढून घेतला.

जेवून गॅलरीत गेले. नेटवर एक चाचणी वाचली होती: डोळे मिटायचे, हात पुढे, जागच्या जागी पन्नास पावलं. ज्या बाजूला वळाल तो कान कच्चा. पन्नास झाली, डोळे उघडले. रस्त्याकडे तोंड करून सुरुवात केलेली, समोर सावंतकाकूंचं दार. काकू दारात सूप घेऊन उभ्या. "येतंस काय आत? ये मगे." डावीकडे वळले होते. चांगलीच.

दुसऱ्यांदा कमी. तिसऱ्यांदा उजवीकडे. ह्याचा अर्थ काय लावायचा?

आई दारातून बघत होती. "व्यायाम कसलो ह्यो? डोळे मिटान?" म्हटलं, नवीन आहे. ती बघतच राहिली.

आईची चक्कर. इथं लिहायलाच हवं, कारण डोक्यात तेच फिरतंय. लोअर परळला शिलाईच्या कारखान्यात होती. मशीनवर मान खाली घातली की सगळं गरगरायचं. कानाचा आजार निघाला, कायमचा. तेव्हा ती छत्तीसची. मी ऑक्टोबरमध्ये छत्तीस.


८ जुलै, मंगळवार

दोन फ्लाइट, दुसरे कॅप्टन. टेकऑफनंतर चाक आत गेलं न गेलं तोच ऑटोपायलट लावला. कॅप्टन म्हणाले, आज घाई? म्हटलं, ट्रॅफिक आहे ना. ट्रॅफिक काही नव्हता.

उतरतानाही शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्यावर सोडलं. नऊ वर्षांत मला हाताने उडवायला मिळालं की मी खूश असायचे. आता हात मांडीवर ठेवून बसते. भित्री.


११ जुलै, शुक्रवार

निखिलच्या फिरत्या खुर्चीवर बसले. त्याला म्हटलं, कानाची एक गंमत बघायचीय. डोळे मिटून, दोन्ही अंगठे वर. ज्या बाजूला फिरतेय असं वाटेल तिकडे अंगठे करायचे. त्याने सावकाश डावीकडे फिरवलं. आधी कळलं. मग थांबलं. मी म्हटलं, थांबवलीस का? तो म्हणाला, "फिरतेयस अजून." मग त्याने खरंच थांबवलं, आणि मी छातीठोकपणे अंगठे उजवीकडे केले.

निखिल खो खो हसला. मग स्वतः बसला, त्याचंही तेच. "कानात पाणी असतं, ते भांड्याबरोबर फिरायला लागलं की मेंदूला वाटतं थांबलं सगळं. अकरावीच्या पोरांनाही होतं हे. तू आजारी नाहीस."

बरं वाटलं. साधारण दोन मिनिटं.

मग मी म्हटलं, आता तू फिरवू नकोस. डोळे मिटले, टेबलाची कड हाताने धरली आणि स्वतःला ढकलत स्वतःच फिरले. तेवढंच सावकाश, तेवढाच वेळ. थांबले. खिडकी दाखव म्हणाला. दाखवली. दार? दाखवलं. दहा वेळा केलं, नऊ वेळा बरोबर.

म्हणजे माझ्या हाताने वळले तर डोक्याला कळतं कुठं आहोत. दुसऱ्याने वळवलं की मी पार्सल. त्या दिवशी चार वळणं ऑटोपायलटने घेतली, मी मान खाली घालून पार्सल होते, आणि मग एका क्षणात मला पायलट व्हायचं होतं. हात पोचला, डोकं मागच्या वळणातच राहिलं.

हे मोठ्याने बोलले, तर हा वही काढून तक्ता आखायला बसला. "आता डोळे उघडे ठेवून करू, मग मान खाली घालून..." डोकंच फिरलं. म्हटलं, मी तुझं प्रॅक्टिकल नाही, ठेव ती पट्टी खाली. त्याने वही मिटली. मग विचारलं, "काय झालंय नक्की?"

सगळं सांगितलं. हात न सोडल्याचंही.

बराच वेळ पट्टीशी खेळत बसला. मग म्हणाला, "लिहून देणार ना तू हे?"

कांदे चिरायला घेतले. भाजीत कांदा नव्हताच घालायचा.


१२ जुलै, शनिवार

आपणहून कळवायचा फॉर्म असतो कंपनीत. आपलं नाव घालून. म्हणतात, शिक्षा होत नाही. होत नसेलही. पण उड्डाण थांबतं, डॉक्टर, बोर्ड, चौकशी, आणि घरच्यांना कानाचा आजार आहे का हा रकाना. कमांड वर्षभर तरी गेलं. कदाचित कायमचंच. आणि सरांना विचारणार, तुम्ही का नाही लिहिलंत.

निखिल आज अतिशय गोड वागतोय. त्याचाही राग येतोय.


१५ जुलै, मंगळवार

गिरगावात गेले, खोताच्या वाडीच्या तोंडाशी कानाचे एक म्हातारे डॉक्टर आहेत. कंपनीचे डॉक्टर नकोत, म्हणून. आमच्यातले बरेच जण करतात असं. खोकलासुद्धा बाहेरच दाखवतात. नाव माहेरचं लिहिलं. व्यवसायाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग लिहिलं, गृहिणी.

तपासणी पाऊण तास. आडवं पाडून मान इकडे तिकडे, कानात गार पाणी, मग कोमट. खोली अशी फिरली की टेबल घट्ट धरून ठेवलं. डॉक्टर शांतपणे माझ्या डोळ्यांत बघत सेकंद मोजत होते.

"छान आहेत दोन्ही कान. डावा किंचित मंद, पण चालायचंच. चक्कर कधी येते? काम करताना?"

"हो. मान खाली घातली की."

"काय काम करता तेव्हा?"

"भाजी... निवडताना."

"मग पाटावर बसू नका, टेबलावर निवडा. स्वयंपाक, जिने, बाजार, कशालाच अडचण नाही. फक्त माळ्यावर चढताना कुणाला तरी स्टूल धरायला सांगा."

थँक्यू म्हणून बाहेर पडले. वाडीत शिरले, लाकडी कठड्यांची घरं बघत दोनदा फेरी मारली, एका बाईने विचारलं कुणाकडे जायचंय. कुणाकडेच नाही हो.

काय अक्कल माझी. भाजी निवडणाऱ्या बाईचे कान चांगले आहेत एवढं कळलं. त्या बाईला आकाशात जायचंच नाहीये. किंचित मंद म्हणजे किती, आणि ते पायलटला चालतं का, हा प्रश्न मी विचारूच शकले नाही, कारण मी तिथं नव्हतेच.


१८ जुलै, शुक्रवार

संध्याकाळी आईकडे. कोकम सरबत दिलं आणि समोर बसली. टीव्ही बंद केला तेव्हाच समजलं.

"तुका चक्कर येता."

"नाही गं."

"माका शिकवू नको. त्या दिवशी पावला टाकीत होतंस, माका डॉक्टरान तीच करूक लावलेली."

मी ग्लासात बघत बसले. मग सांगितलं, थोडंसं. एकदाच झालं, ढगात झालं, सगळ्यांना होतं म्हणतात.

ती म्हणाली, तिने दोन वर्षं लपवलं होतं. हे मला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. सुपरवायझरने काढलं असतं म्हणून. चक्कर आली की दोरा ओवायचं नाटक करायची. मग एक दिवस हात सुईखाली गेला. त्या बोटाचं नख वाकडं आहे, लहानपणी विचारलं की म्हणायची दारात सापडलं.

"पण बोट माजा होता," म्हणाली. "म्हणान चल्ला."

मग उठून टीव्ही लावला. मी चपला घातल्या. घरी चालत आले, परळपर्यंत, सिग्नल लाल आहे की हिरवा ते न बघता.


२१ जुलै, सोमवार

फॉर्म उघडला. बंद केला. परीक्षेनंतर बघू. असं म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत.


२४ जुलै, गुरुवार

परीक्षा झाली. पास. नुसती पास नाही. परीक्षक म्हणाले, इतकं स्वच्छ हाताने उडवलेलं बऱ्याच दिवसांत बघितलं नाही. त्यांनी मुद्दाम ढगात, वळणात ऑटोपायलट काढून घेतला होता. मी पंख सरळ केले आणि मला काहीही वाटलं नाही. एकदम सरळ.

वाटणारच नाही. ते सिम्युलेटर पायांवर उभं केलेलं एक खोकं आहे. झुकतं, धक्के देतं, आणि गुपचूप जागेवर येतं. मिनिटभर खरोखर वळत ठेवणं त्याला जमत नाही, जागाच नाही तेवढी. तिथं कान फसतच नाही. तिथं मी शंभरपैकी शंभर.

परीक्षकांनी हात मिळवला, डावा हात चांगला तयार केलाय म्हणाले. तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि थँक्यू सर बाहेर आलं.

निखिलने दादरहून पेढे आणले. मी दोन खाल्ले. फॉर्मचं त्याने विचारलं नाही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बरा झाला." आवाजात बरं काही नव्हतं.


२९ जुलै, मंगळवार

कागद येईपर्यंत उजवीच सीट. आज सानेसरांबरोबर. सर नेहमीसारखे, इस्त्रीचा शर्ट, खिशात बडीशेपेची डबी.

टेकऑफ माझा. म्हटलं, "सर, दहा हजारपर्यंत हाताने नेऊ?" माझ्याकडे बघितलं. "ने."

हजार फुटांवरच ढगात गेलो. डावीकडे लांब वळण. मी स्वतः घेत होते, बोटांनी, थोडं थोडं. सरळ केलं. आणि आलं. उजवीकडे कलल्यासारखं. पण त्या दिवसाइतकं नाही, कुणी खांद्याला हलकेच ढकलल्यासारखं. या वेळी तोंडाने बोलले: "सर, मला उजवीकडे कललोय असं वाटतंय. स्क्रीन सरळ आहे. मी स्क्रीन धरतेय."

"चेक," म्हणाले, म्हणजे बरोबर.

तीन श्वासांत गेलं. मी इतकी खूश झाले की हसूच आलं. ढगाच्या वर ऊन. सर खिडकीतून बाहेर बघत होते.

उतरल्यावर परत निघायला पाऊण तास होता. चहा आला. कॉकपिटचं दार लावलेलं. सरांनी बडीशेप काढली, खाल्ली नाही, डबीचं झाकण उघडझाप करत राहिले.

"तू आज बोललीस ते बरं केलंस. मला नाही जमत."

"काय सर?"

"बोलायला." मग म्हणाले, "त्या दिवशी मी घेतलं ना कंट्रोल. मलाही तसंच वाटत होतं. तू दाबत होतीस तेच बरोबर, असं."

मला वाटलं चेष्टा. म्हटलं, पण तुम्ही तर उजवीकडे ओढलं.

"स्क्रीन बघून ओढलं."

"मग झालं की सर."

"विमान बोललं, ड्युअल इनपुट. तू सोडलंस. त्याच क्षणी मीसुद्धा सोडणार होतो. हात सैल झाला होता माझा. तू आधी सोडलंस एवढंच."

चहा हातात तसाच. म्हटलं, एकदाच झालं असेल सर, मलाही एकदाच.

"वर्ष होत आलं," म्हणाले. "साध्या वळणातसुद्धा. सरळ व्हायला वेळ लागतो मला. दिवाळीपर्यंत काढायचंय फक्त."

परतीचं फ्लाइट त्यांनी उडवलं. सगळं ऑटोपायलटवर. मी पूर्णवेळ हात स्टिकच्या जवळ ठेवून बसले होते. त्यांनी ते बघितलं असणार.


३० जुलै, बुधवार

राग. सरळ राग आलाय. मी सत्तावीस दिवस स्वतःला खात बसले, खुर्चीवर फिरले, भाजी निवडली, आणि "विसर" हे त्यांनी माझ्यासाठी म्हटलंच नव्हतं.

आणि त्याच माणसाने मला आडव्या वाऱ्यात उतरायला शिकवलं. माझ्या बाबांच्या तेराव्याला आले होते, पंगतीत बसून जेवले, आईशी अर्धा तास बोलले. त्यांनी माझ्याशिवाय कुणाला सांगितलं असेल असं वाटत नाही. बायकोलाही नाही.

निखिल म्हणाला, "तू तुझं लिही. त्यांचं ते बघतील." फिजिक्सवाला. सगळं वेगवेगळ्या रकान्यात.


१ ऑगस्ट, शुक्रवार

गिरगावात पुन्हा गेले. डॉक्टरांना म्हटलं, मी गृहिणी नाही, मी विमान उडवते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. जुने कागद काढून बघितले. "मग हे मी सांगायचं नाही बाई. भाजीसाठी मी सांगितलं ते ठीक आहे. ह्याच्यासाठी तुमच्या विमानवाल्या डॉक्टरांकडे जा." कागदाची प्रत दिली. गृहिणी शब्द खोडून तिथं सही केली.

घरी येऊन फॉर्म भरला. एका बैठकीत. घिरट्या, मान खाली, ऑटोपायलट सुटला, डावीकडे दाबलं, हात सोडला नाही. आईचा कान. गिरगावचा डॉक्टर, खोटा व्यवसाय. पुढे एक परिच्छेद मी फॉर्मने न विचारताच लिहिला: वळणं मशीन घेत असेल तर पायलटने निदान हात स्टिकवर ठेवून, नजर वर ठेवून ती मनात घेत राहावं, टायपिंगचं काम दुसऱ्याने करावं. हाताला कळलं तर डोक्याला कळतं.

सरांबद्दल जेवढं घडलं तेवढंच: त्यांनी सांगितलं, कंट्रोल घेतलं, विमान सरळ केलं. चहाच्या पाऊण तासातलं काही नाही.

पाठवायच्या आधी त्यांना फोन. "सर, मी माझं देतेय. तुमचं मी लिहिलेलं नाही. ते तुम्ही लिहा."

"बघतो," म्हणाले. मग, "निखिलला नमस्कार सांग."

पाठवला.


३ ऑगस्ट, रविवार

काल दुपारी ऑफिसातून फोन आला. सभ्यपणे बोलले. वैद्यकीय होईपर्यंत उड्डाण नाही, कमांडचे कागद तूर्त थांबवलेत. रिपोर्ट चांगला लिहिलाय, असंही म्हणाले. सानेसरांनी परिस्थिती उत्तम हाताळली, त्यांना रिपोर्ट दाखवू, सवडीने बोलू. मी हो हो म्हणत राहिले.

रडले. भरपूर. नऊ वर्षं डोळ्यांसमोर आली आणि रडले. निखिलने मध्येच पाण्याचा ग्लास आणून ठेवला, शहाणा आहे. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जेवूक ये." गेले. तिने वाढलं.

आज सकाळी सवयीने रोस्टर उघडलं. उद्या दुपारी दीडचं फ्लाइट माझं आणि सरांचं होतं. माझ्या जागी एका नव्या पोरीचं नाव, सहा महिने झालेत तिला उजव्या सीटवर बसून. डावीकडे सर. तसेच.

नवी पोरगी सरांना थोडीच अडवणार. ते आय हॅव कंट्रोल म्हणाले की ती सोडणार, एका सेकंदात, शिकवल्यासारखं.

सकाळी फोन केला, उचलला नाही. दुपारी केला, नाही. संध्याकाळी सहाला उचलला. मागे टीव्हीचा आवाज, नातू असावा. म्हटलं, "सर, उद्या जाऊ नका." मागे टीव्ही चालूच. म्हटलं, "बरं नाही असं कळवा. पुढचं परवा बघा. नाहीतर मला कळवावं लागेल."

टीव्हीचा आवाज कमी झाला. कुठल्यातरी दुसऱ्या खोलीत गेले असावेत.

"तू लिहिलेलं दाखवलं त्यांनी मला," म्हणाले. "माझ्याबद्दल चांगलं लिहिलंयस."

"जेवढं घडलं तेवढं लिहिलंय सर."

"हो." मग विचारलं, "किती वाजेपर्यंत थांबशील?"

म्हटलं, सकाळी दहा.

"दहाला मी पूजेत असतो. अकरापर्यंत थांब."

थांबते म्हटलं.